शिळावर्तुळातील प्राण्यांची हाडे : नोंदपत्रकाच्या कामाची रोजनोंद

काम : विदर्भातील लोहयुगीन शिळावर्तुळांत (कडेने मोठे धोंडे मांडलेल्या थडग्यांत) मिळणाऱ्या प्राण्यांच्या हाडांसाठी मराठी नोंदपत्रक तयार करणे. दोन पाने, चराच्या काठावर बसून पेन्सिलीने भरता येईल असे.

४ नोव्हेंबर २०२४

हद्द ठरवली. नमुना म्हणून नागपूरच्या आसपासची वर्तुळे घेतली. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर, भागीमोहारी या ठिकाणांहून घोड्याची हाडे, नाहीतर घोड्याचा साज मिळालेला आहे : लोखंडी-तांब्याच्या लगामकड्या, तोंडावर बांधायचे तांब्याचे पत्रे. काळ ढोबळमानाने इ.स.पू. पहिले सहस्रक. काटेकोर बोलायचे तर हा आद्य-इतिहास, म्हणजे लेखी नोंदींच्या उंबरठ्यावरचा काळ. पण या लोकांनी लिहिलेली एक ओळही हाती नाही, म्हणून पद्धत प्रागितिहासाचीच लागते.

माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये उत्खनन केले. तिथल्या काही घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा नोंदवल्या आहेत. पुढे ‘मालकाबरोबर घोडा बळी दिला’ हे वाक्य इतके सरसकट झाले की वर्तुळात दाढ दिसली की बळी ठरतो. पत्रकाने नेमके हेच अडवायचे आहे.

थडग्यात हाड येण्याचे निदान पाच रस्ते आहेत. मृताची शिदोरी म्हणून ठेवलेले मांस. सोबती म्हणून पुरलेले अख्खे जनावर. मारून त्याचा ठरावीक भागच ठेवणे, म्हणजे बळी किंवा मान. पुरायला आलेल्यांच्या जेवणावळीचा उरलासुरला भाग. आणि उपरे : नंतर बिळातून शिरलेले, किंवा भरावाच्या मातीबरोबर कुठूनतरी आलेले. चराच्या काठावर हे पाचही सारखेच दिसू शकतात. म्हणून ठरले की ‘अर्पण’ हा शब्द पहिल्या पानावर कुठेही येणार नाही. दुसऱ्या पानाच्या तळाला एक रकाना, तो प्रयोगशाळेत भरायचा, सोबत कारण लिहूनच.

९ नोव्हेंबर

पत्रकाचा ‘अ’ भाग : हाड कुठे होते.

वर्तुळाची साधारण घडण अशी : कडेने मोठे धोंडे, व्यास बहुधा १० ते २० मीटर, आत दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव, तळाशी जमिनीवरच किंवा उथळ खड्ड्यात माणसाचे अवशेष, भांडी, हत्यारे. मृत अनेकदा अख्खा नसतो. वेचक हाडे आणून ठेवलेली असतात. जनावराचे हाड या घडणीत कुठल्या टप्प्याला आले त्यावर पुढचे सगळे अवलंबून. त्यासाठी पाच खुणा-चौकटी केल्या : (१) मूळ जमिनीवर, माणसाच्या पातळीवर, (२) भांड्यात, (३) मातीच्या भरावात, (४) गोट्यांच्या थरात, (५) वर्तुळाबाहेर. गोट्यांच्या थरातली हाडे जेवणावळीची असण्याची शक्यता जास्त, पण तोच थर उपऱ्यांचाही लाडका.

भांड्यातले हाड दिसले की भांडे रिकामे करायचे नाही. मातीसकट गुंडाळून आणायचे. तोंडाशी असलेली माती नंतर घसरलेली असते. तळाच्या दोन-तीन सेंटिमीटरांतले हाडच भांड्यात ठेवलेले असे म्हणता येते.

खणताना वर्तुळाचे चार भाग करून मधे बांध ठेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जी चूक वारंवार होते ती दगड उचलण्यात. गोटे भराभर घमेल्यात जातात, आणि खालचे हाड फुटले ते मुळात दगडाच्या भाराने की आत्ता कुदळीने, हे कळायची सोय राहात नाही. ताज्या फुटीची कड आतून फिकट आणि स्वच्छ असते, जुनीवर माती किंवा कंकराचा (चुन्याचा) थर चढलेला. ‘फूट : जुनी / ताजी / दोन्ही’ असा रकाना घातला.

१५ नोव्हेंबर

माती. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार हे अपेक्षित होते आणि तसेच झाले.

नागपूर भागातली काळी माती अल्कधर्मी, त्यामुळे हाडातला खनिज भाग विरघळून जात नाही. घात होतो तो फुगण्या-आकसण्याने. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन-अडीच हजार वर्षे हे चालू राहिल्यावर नळीच्या हाडाची पेन्सिलीएवढी ढलपी उरते. दात मात्र टिकतात. घोड्याची दाढ उंच, इनॅमलच्या घड्या घातलेली, मुठीत भरेल एवढी; ती टिकते आणि कामगाराच्या नजरेलाही पडते. करडाचे हाड किंवा कोंबडीची नळी दोन्ही परीक्षांत नापास. विदर्भात घोडाच दिसतो यात घोड्याचे महत्त्व किती आणि त्याच्या दाढेचा चिवटपणा किती, हे चाळणी लावल्याशिवाय सांगता येणार नाही.

चाळणीचे गणित असे बसवले. सगळी माती ४ मिमी जाळीतून कोरडी. माणसाच्या पातळीवरची आणि भांड्यांतली माती १ मिमी जाळीतून पाण्याने. ओली काळी माती कोरड्या चाळणीत चालत नाही, जाळी लिंपून जाते. वाळलेली ढेकळे विटेसारखी. ती फोडायला मोगरी घेतली की आतले हाडही फुटते. उपाय : १० लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम खायचा सोडा, ढेकळे रात्रभर त्यात, सकाळी न घुसळता हळू ओतायचे. ढेकूळ आपोआप विस्कटते. घाई केली, म्हणजे दोन-तीन तासांतच काढले, तर मधला गाभा कोरडाच राहतो आणि शेवटी हाताने चेपावा लागतो.

सोड्यात घालण्याआधी कालमापनासाठीची आणि दातांच्या रासायनिक तपासणीची हाडे वेगळी काढायची. हा क्रम पत्रकाच्या माथ्यावर ठळक छापायचा.

१६ नोव्हेंबर

कंकर (चुन्याचा थर) काढायला विरळ आम्ल वापरू नये असे ठरले. कंकराबरोबर हाडाचा पृष्ठभागही जातो, आणि कापल्याच्या खुणा पृष्ठभागावरच असतात. बांबूची काडी, भिंगाखाली सुई, आणि चिकाटी. निघत नसेल तर ठेवून द्यायचा.

२२ नोव्हेंबर

‘ब’ भाग : सांधे जुळलेले आहेत का.

खूर, बोटांची हाडे, जबडा हे आधी सुटतात. गुडघा, घोटा, कमरेचे मणके उशिरा. खुराची छोटी हाडे जागच्या जागी असतील तर तो पाय मांस-कातड्यासकट ठेवला होता. फक्त घोटा जुळलेला आणि बाकी विस्कटलेले असेल तर भाग आधी कुठेतरी पडून राहिला आणि मग आणला, हेही शक्य.

सोबती म्हणण्यासाठी उंबरठा उंच ठेवला : सांधे जुळलेले, अंगावर कापल्याची खूण नाही, आणि माणसाशी एकाच खड्ड्यात एकाच वेळचा संबंध. या कसोटीला उतरणारी जगातली ठळक उदाहरणे शेजारी ठेवली. इस्राएलमधील ऐन मल्लाहा इथे सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात मृताचा हात कुत्र्याच्या पिलावर ठेवलेला आहे. पंजाबात रोपड इथे हडप्पाकालीन दफनात माणसाच्या खाली कुत्रा पुरलेला. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या तोंडाशी मेहरगढला, नवाश्मयुगीन थडग्यांपैकी काहींत मृताच्या पायांशी करडे मांडलेली, एकात पाचपर्यंत.

मेहरगढचे उदाहरण इथे अडचणीचे आहे आणि म्हणूनच उपयोगाचे. करडे अख्खी आहेत, पण ती ‘सोबती’ म्हणायची की ‘शिदोरी’? पायांशी ओळीने ठेवलेला कोवळा कळप. मांस म्हणून पाहिले तर भरपूर, पुढच्या जगातली खिल्लारे म्हणून पाहिले तर वेगळाच अर्थ. पत्रकाने हे सोडवायचे नाही. पत्रकाने फक्त वय, बाजू, डोक्याची दिशा, माणसापासूनचे अंतर टिपायचे. ‘डोके कुठल्या दिशेला’ हा रकाना आधी फक्त माणसासाठी होता, तो जनावरासाठीही घेतला.

२३ नोव्हेंबर

साळिंदर. दगडांच्या ढिगाखाली बीळ करायला याला वर्तुळापेक्षा चांगली जागा मिळत नाही, आणि ते हाडे बाहेरून आणून कुरतडते. खुणा रुंद, सपाट तळाच्या, एकमेकींना चिकटून समांतर, सहसा हाडाच्या कडेला. नवशिक्याला त्या ‘सुरीच्या’ वाटतात. कुत्र्या-कोल्ह्याच्या दाताने खड्डे आणि टोकाला चघळलेला भाग. मुळांनी नागमोडी चर. तिन्हींची मोठी छायाचित्रे पत्रकासोबतच्या कार्डावर.

३० नोव्हेंबर

कापण्याचा प्रयोग. खाटकाकडून शेळीचे ८ पाय (४ पुढचे, ४ मागचे, खुरांसकट) आणि २ मुंड्या मानेच्या पहिल्या दोन मणक्यांसह. हत्यारे तीन : गावठी लोहाराकडची लोखंडी सुरी, खाटकाचा सत्तूर, आणि चर्टच्या (गारगोटीसारख्या कठीण) दगडाचे ताजे पाते. दगडी पाते तुलनेपुरते. आपल्या वर्तुळांत लोखंड मुबलक आहे.

प्रत्येक पायावर एकच काम. दोन नुसते सोलले, दोन सांध्यात सोडवले, दोन मांस काढून साफ केले, दोन सत्तुराने ओंडक्यावर तोडले. एकाच पायावर सगळे केले तर कुठली खूण कशाची ते नंतर सांगता येत नाही. पहिल्या पायाला ही चूक झाली, तो बाद केला आणि नववा आणावा लागला.

साफ करणे : मांस शक्य तेवढे हाताने काढून, हाडे एन्झाइमच्या कपडे धुण्याच्या पावडरीत, पाणी ४० ते ५० अंशांवर, ४ दिवस, रोज पाणी बदलून. खळखळून उकळू नये. चरबी आत बसते, हाड पिवळे पडते आणि कोवळ्या जनावरांच्या नळ्यांची टोके सुटून येतात. धातूच्या घासणीला हात लावायचा नाही. तिच्या खुणा सुरीसारख्याच दिसतात.

७ डिसेंबर

हाडे वाळली. १० पट भिंग, एका बाजूने तिरका दिवा. वरून पडणाऱ्या प्रकाशात अर्ध्या खुणा दिसतच नाहीत.

लोखंडी सुरीची खूण अरुंद, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, तळ स्वच्छ. दगडी पात्याची रुंद, आतल्या भिंतींवर बारीक समांतर रेघा. सत्तुराच्या घावाला एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी ढलपी उडालेली. शंका असलेल्या खुणांचे दंतवैद्य वापरतात त्या सिलिकॉनने साचे घेतले. साचा आडवा कापला की खुणेचा छेद सरळ दिसतो. मूळ पुरातन हाडावर साचा घेण्याआधी ते मजबूत आहे का पाहायचे, नाहीतर सिलिकॉनबरोबर पापुद्रा निघतो.

खुणांची जागा हत्याराइतकीच बोलकी :

सोलताना खुरांच्या वरच्या नळीवर गोल फिरलेल्या आडव्या रेघा, आणि नाकाडावर. मुंडी वेगळी करताना पहिल्या मणक्याच्या खालच्या बाजूला आणि कवटीच्या मागच्या दोन उंचवट्यांवर. सांधे सोडवताना कोपर आणि खुब्याच्या भोवती आखूड रेघा. मांस काढताना नळीच्या लांबीला तिरप्या, लांब रेघा. गळा कापल्याची खूण हाडावर उमटेलच असे नाही. सुरी मऊ भागातूनच जाते. कपाळावर घाव घालून मारले असेल तर मात्र कपाळाचे हाड आत दबते आणि तडे सभोवार फाकतात.

यातली सर्वांत महत्त्वाची नोंद सर्वांत कमी दिसणारी आहे. सांधा नेमका सापडला की सरावलेल्या हाताने कापलेल्या पायावर एकही रेघ राहात नाही. आपल्या दोन पायांपैकी एकाचे तसेच झाले. ‘खूण नाही म्हणून कापले नाही’ हे विधान पत्रकात करता येऊ नये. रकाना असा : ‘खूण आहे / दिसली नाही / पृष्ठभाग पाहण्यासारखा नाही’. तिसरा पर्याय वापरायला लोक कचरतात, पण काळ्या मातीतल्या बहुतेक हाडांना तोच लागू पडेल.

८ डिसेंबर

ठिसूळ हाड बळकट करणे. पॅरालॉइड बी-७२ (पुन्हा विरघळवून काढता येणारी ॲक्रिलिक राळ), ॲसिटोनमध्ये ५ टक्के, ब्रशने. हाड ओलसर असताना लावले की पांढरी साय धरते. सुतारकामाचा पांढरा गोंद नको. काढता येत नाही आणि पुढच्या कालमापनात बाहेरचा कार्बन घुसवतो. लावले असेल तर कुठल्या भागाला, हे पिशवीवर लिहायचे.

१४ डिसेंबर

‘क’ भाग : कुठले अवयव आहेत, कुठले नाहीत. सरावाचा खड्डाही आजच भरला. १ मीटर बाय १ मीटर, ४० सेंमी खोल, शेताच्या कोपऱ्यात. साफ केलेली हाडे मांडून वर काळी माती, तिच्यावर गोट्यांचा एक थर. दोन पाय सांधे जुळवून, बाकी विस्कटून. मांडणीचे चित्र पाकिटात बंद. वर भरपूर पाणी, मग ऊन. असे दोनदा करायचे.

अवयवांबद्दल. जनावराचा सांगाडा कागदावर छापून मिळालेला भाग रंगवायचा. डावे-उजवे वेगळ्या रंगात. ही एक युक्ती शंभर शब्दांचे काम करते, कारण अर्थ बऱ्याचदा अनुपस्थित भागात असतो.

फक्त कवटी आणि गुडघ्याखालचे चार पाय मिळाले तर ते मांसाचे अर्पण नव्हे. डोके आणि खूर न काढता सोललेले कातडे ठेवले की हाडांत नेमके हेच उरते. दक्षिण उरलमधील सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत (सुमारे इ.स.पू. २१०० ते १८००) घोड्यांची डोकी आणि खूर असलेली अशी मांडणी वारंवार दिसते. सुदानमधील केर्मा इथे सुमारे इ.स.पू. २००० च्या एका मोठ्या थडग्याबाहेर गुरांच्या शिंगांसकट कवट्यांचे पुढचे भाग चंद्रकोरीसारखे मांडले होते, संख्या चार हजारांहून जास्त. मागची कवटी नाही, जबडे नाहीत. ते सगळे तिथेच ताजे कापले की काही आधीपासून जपून ठेवलेले होते, हे हाडांच्या झिजेवरून तपासावे लागते.

उलट नुसता पुढचा फरा, म्हणजे खांद्याच्या पात्यापासूनचा पाय, तोही दरवेळी एकाच बाजूचा, असे आढळले तर तो मांसाचा ठरलेला वाटा. आपल्याकडे जत्रेच्या बकऱ्यात मुंडी कोणाची, पाय कोणाचे हे गावोगाव ठरलेले असते. त्या धर्तीवर विचार केला की एक गोष्ट लगेच ध्यानात येते : मृताच्या वाट्याचा भाग थडग्यात जातो, जिवंतांच्या वाट्याचे भाग कुठे गेले ते वर्तुळात सापडणार नाही. वर्तुळाबाहेर निदान एक चर घ्यावा ही शिफारस इथूनच आली.

शेपटीचे मणके. छोटे, नळकांड्यासारखे, ४ मिमी जाळीवर कसेबसे थांबतात. इस्राएलमधील हिलाझोन ताख्तित गुहेत सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीच्या वृद्ध स्त्रीच्या थडग्यात रानगाईच्या शेपटीचे मणके, गरुडाच्या पंखाचे हाड, बिबळ्याच्या कमरेचे हाड, रानडुकराचा पुढचा पाय आणि ५० च्या वर कासवांच्या पाठी मिळाल्या. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्राण्याचा वेगळाच भाग, हीच त्यातली गोष्ट. बस्तरकडच्या माडिया लोकांत मृतासाठी दगड उभा करताना जनावर मारून शेपूट तिथे टांगण्याची चाल विसाव्या शतकात नोंदलेली आहे. ती चाल माहुरझरीच्या लोकांना लावायची नाही; मधे दोन हजारांहून जास्त वर्षे आहेत. तिचा उपयोग एवढाच की शेपूट टांगले तर थडग्यात काहीच उतरत नाही, हे डोळ्यांसमोर राहते.

२१ डिसेंबर

घोडा. स्वतंत्र पुरवणी पान.

आधी घोडा की गाढव किंवा घुडखर (कच्छच्या रणातले रानगाढव) हे ठरवणे. खालच्या दाढेच्या चावण्याच्या बाजूकडून पाहायचे : जिभेकडच्या दोन कड्यांमधली खोबण घोड्यात रुंद, यू आकाराची, गाढवाच्या कुळात चिंचोळी, व्ही आकाराची. फार झिजलेल्या दाढेत हा फरक पुसट होतो, तेव्हा एका दाढेवर निकाल द्यायचा नाही. कच्छमधील सुरकोटडा या हडप्पाकालीन वस्तीतल्या हाडांवरून तज्ज्ञांत जो वाद झाला तो अशाच दात-हाडांच्या तपशिलावर. विदर्भात लगामकड्या सोबत असल्याने संशय कमी, पण साज असलेल्या वर्तुळातले प्रत्येक हाड घोड्याचे असते असेही नाही.

लिंग : सुळे. नरात चार-पाच वर्षांनंतर ठळक, मादीत सहसा नसतात किंवा खुंटासारखे. वय : दाढेच्या मुकुटाची उंची. उंची : खुराच्या वरच्या नळीची बाहेरच्या बाजूने लांबी मोजून किजेवाल्टर या संशोधकाचा गुणक, पुढच्या पायाला ६.४१, मागच्याला ५.३३. पुढची नळी २१० मिमी असेल तर खांद्याशी उंची सुमारे १३५ सेंमी. पुढची-मागची नळी उलटसुलट धरली की वीस-पंचवीस सेंटिमीटरांनी घोडा बदलतो. पुढची छेदात चपटी, मागची जवळजवळ गोल.

लगामाची झीज : खालच्या जबड्यातील पहिल्या मोठ्या उपदाढेचा पुढचा कोपरा. तिथे ३ मिमी किंवा अधिक तिरपी झीज असेल तर तोंडात कडक कडी चावल्याचा पुरावा धरतात. मोजायला दाढ तीन वर्षांहून मोठ्या जनावराची आणि वरच्या दाढेशी नीट जुळणारी हवी. जबड्याच्या वाकडेपणानेही अशी झीज येते, म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या.

बरगड्या मोजून काही सिद्ध करायला जाऊ नये. ऋग्वेदातील अश्वसूक्तात (१.१६२) घोड्याच्या ३४ बरगड्या सांगितल्या आहेत, आजच्या घोड्याला बहुधा ३६ असतात आणि कधीकधी ३४ही. काळ्या मातीतून सगळ्या बरगड्या मोजण्यासारख्या निघाल्या तर आधी त्याचेच आश्चर्य करावे. अश्वमेधाशी जोडही नको; त्याला दुजोरा देणारे काही हाडांत दिसत नाही.

साजाबद्दल सर्वांत महत्त्वाची सूचना : डाग धुवायचे नाहीत. तांब्याचा हिरवा डाग कपाळाच्या हाडावर असेल तर पत्रा घोड्याच्या तोंडावर बांधलेल्या स्थितीत ठेवला होता. पत्र्याजवळ कवटीच नसेल तर नुसता साज ठेवला होता. या दोन वेगळ्या कृती आहेत. तांब्याचे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना मारतात, त्यामुळे पत्र्याला चिकटून चामडे, दोरा, लाकूड टिकलेले असू शकते. पत्रा उचलताना खालची दोन सेंटिमीटर माती त्याच्यासोबत. लोखंडी कडी गंजाच्या गोळ्यात असेल तर फोडण्याआधी एक्स-रे.

कवटी जागेवरून अख्खी उचलायची तर : भोवती खणून ओटा करायचा, ॲल्युमिनियमचा कागद, त्यावर गॉज आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे तीन थर, खालून पत्रा सरकवून उलटे. कागद विसरला तर प्लास्टर थेट हाडाला बसते.

४ जानेवारी २०२५

जळलेली हाडे. खड्ड्यात गोवऱ्या आणि बाभळीचे लाकूड, तापमानाची तार निखाऱ्यांत. उरलेली शेळीची हाडे, काही मांसासकट, काही वाळलेली, आणि दोन राखेखाली ५ सेंमी मातीत पुरलेली.

रंगांचा क्रम अपेक्षेप्रमाणे : ३०० अंशांच्या आसपास तपकिरी, मग काळे, ६०० च्या पुढे राखी-निळसर, ७००-८०० च्या वर पांढरे. मांसासकट जळलेली हाडे वाकडी झाली, आडव्या कमानीसारख्या भेगा पडल्या. वाळलेली सरळ राहिली, भेगा उभ्या. मातीत पुरलेल्या दोन्हींपैकी एक काळे झाले, म्हणजे नंतर कोणी वर्तुळावर शेकोटी केली तरी खालचे जुने हाड काळवंडू शकते. पांढऱ्या हाडांवरून उंचीचा हिशेब करायचा नाही, ती आकसलेली असतात.

११ जानेवारी

मोजणी. तुकड्यांची संख्या आणि किमान प्राणीसंख्या, दोन्ही लिहायच्या. डावे जबडे ३, उजवे ४ तर किमान ४. त्या तीन डाव्यांपैकी एखाद्याची झीज चारही उजव्यांशी जुळली नाही तर ५. तुकड्यांच्या संख्येने घोडा नेहमी फुगतो, कारण त्याच्या दाढेचे ढलपे ओळखू येतात. एका घोड्याच्या ३६ ते ४४ दातांतून शे-दीडशे तुकडे सहज होतात आणि तक्त्यात घोडे-घोडे दिसू लागतात.

काश्मीरमधील बुर्झहोमचा खड्डा उदाहरण म्हणून कार्डावर घेतला : पाच रानकुत्रे आणि बारशिंग्याचे शिंग एकत्र. शिंग मोजताना ते कवटीसकट आहे की गळून पडलेले, हे पाहायचे. गळालेले शिंग म्हणजे वेचून आणलेली वस्तू, मारलेले जनावर नव्हे.

१८ जानेवारी

नमुने. नागपूर हे दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर बसले आहे. पश्चिमेला काळा पाषाण, पूर्वेला रामटेक-भंडाऱ्याकडे फार जुने खडक. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य खडकातून चारा-पाण्यावाटे दातांत उतरते; त्याच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या रूपांचे) एकमेकांशी प्रमाण बेसाल्टवर कमी, जुन्या खडकांवर जास्त. इनॅमल लहानपणी बनते आणि नंतर बदलत नाही. घोडा इथेच वाढला की बाहेरून आणला हा प्रश्न त्यामुळे विचारता येतो. प्रत्येक घोड्याची एक दाढ न धुता, न चिकटवता, कोरड्या कागदात, वेगळी. तुलनेला त्याच थरातील उंदरा-घुशीचे दात लागतात, म्हणजे बिळातून शिरलेले उपरे इथे कामाला आले.

२५ जानेवारी

सरावाचा खड्डा उघडला. दोघांनी वेगवेगळी पत्रके भरली, मग पाकीट उघडले.

अवयव, बाजू, कापल्याच्या जागा बऱ्यापैकी जुळल्या. घोळ ‘ब’ भागात. सांधे जुळवून ठेवलेल्या दोन पायांपैकी एक दोघांनीही ‘विस्कटलेला’ लिहिला. माती आकसल्याची भेग नेमकी घोट्यातून गेली होती आणि खुराची दोन हाडे तिच्यातून १२ सेंमी खाली उतरली होती. सहा आठवडे आणि दोन पाण्यांत एवढे, तर चोवीसशे-पंचवीसशे पावसाळ्यांनंतर ‘विस्कटलेले’ या शब्दाला काय वजन द्यायचे?

बदल असे : ‘ब’ भागात प्रत्येक हाडाची खोली मिलिमीटरमध्ये, भेगेची रेघ आराखड्यावर काढणे सक्तीचे, भेगेतील हाडांना वेगळी पिशवी, आणि ‘सांधे जुळलेले / नाहीत’ याऐवजी ‘जुळलेले / भेगेने हललेले असावेत / विस्कटलेले’. गोट्यांच्या थरासाठी ‘हाडावरच्या दगडाचा क्रमांक’ हा रकाना दोघांनीही रिकामा सोडला, कारण तो दगड उचलल्यावर भरायचा म्हणून पानाच्या खाली होता. तो वर, पहिल्या ओळीत घेतला. दुसरी प्रत छापायला दिली, कागद जरा जाड.